माझ्याच खारूताईनं भाचीला रडवलं (अ‍ॅपमधली कॅरेक्टर्स आणि पोरांचा मूड)

पेनटॅबवाला (विश्रामबाग, सांगली)

मंडळी, जरा मोठं लिहितोय, चहा घेऊनच बसा.

मी घरी बसून टूडी अ‍ॅनिमेशनची कामं करतो. गेल्या वर्षी एका लर्निंग अ‍ॅपला कॅरेक्टर करून दिलं, खारूताई, तिसरीच्या गणितासाठी. ब्रीफमध्ये तीनच शब्द होते: क्यूट, राउंड, इमोशनल. मग काय, मोठं डोकं, टपोरे डोळे, गुबगुबीत गाल, झुपकेदार शेपूट, जे जे चालतं ते सगळं केलं. उत्तर बरोबर आलं की उडी मारून टाळ्या, आणि चुकलं की कान खाली, ओठ थरथरतो आणि डोळ्यातनं टपकन एक थेंब. त्या एका थेंबावर मी दोन दिवस घातलेत, खोटं नाही सांगत, त्यात खिडकीचं प्रतिबिंबसुद्धा आहे. क्लायंट खूश, पेमेंट वेळेवर, विषय संपला.

आता मे महिन्यात ताई तासगावहून दोन्ही पोरं घेऊन आली. भाची तिसरी संपवून आलेली, भाचा पहिली. मी आपलं कौतुकानं टॅबवर अ‍ॅप लावून दिलं, म्हटलं बघा मामानं काढलेली खार. ४२ वजा १७ आलं. भाचीनं हातचा न घेता सातातनं दोन काढले आणि ३५ दाबलं, तिसरीतली निम्मी पोरं हेच करतात. खार रडली. पोरगी गप्प. पुढचं गणित, परत तीच चूक, परत खार रडली. तिसऱ्यांदा झालं तेव्हा तिनं टॅब गादीवर पालथा घातला आणि मला विचारलं, "मामा, माझ्यामुळं रडतीय का ती?" आणि हिचेच डोळे भरले. मी काय बोलणार, थेंब माझाच.

पण गंमत पुढंच आहे. धाकट्यानं टॅब उचलला आणि मुद्दाम चुकीचं दाबायला लागला, कारण त्याला खार रडताना बघायची होती! "परत रडली, परत रडली" करत पंधरा मिनिटं लोळत हसतोय. गणित त्याच्या इयत्तेचं पण नाही. एकच खार, एकच थेंब, एकीला अपराध्यासारखं झालं आणि दुसऱ्याला सर्कस.

तर विचारायचं हे की कॅरेक्टरचा चेहरा पोरांच्या मनावर नक्की काय करतो? इथं शिक्षक आहेत, चित्रकार आहेत, आईबाप तर सगळेच आहेत. मी सोळा एक्स्प्रेशन काढली त्या खारीची, पण समोर बसलेल्या पोराचं एक्स्प्रेशन काय होणार हा प्रश्न मला कुणी विचारला नाही आणि मीही कुणाला विचारला नाही.

पोवईनाका (सातारा)

मला आठवली ती मायक्रोसॉफ्टची कागदाची क्लिप. ऑफिस ९७ मध्ये आलेली, डोळे मिचकावत कोपऱ्यात उभी राहायची आणि तुम्ही दोन ओळी टाइप केल्या की पत्र लिहिताय का म्हणून विचारायची. २००१ च्या ऑफिस एक्सपीत तिला झोपवून ठेवली, २००७ ला कायमचा नारळ दिला. चित्र म्हणून वाईट नव्हती ओ, भुवया तर झकास होत्या. राग का यायचा सांगू, ती कायम आपल्याकडं टक लावून बसायची, आपल्या कामाकडं बघायचीच नाही. तुझी खार रडताना कुठं बघते? पोरीकडं का गणिताकडं?

पेनटॅबवाला

पोरीकडं. सरळ कॅमेऱ्यात. "आय कॉन्टॅक्ट हवाच" असा मेल आहे माझ्याकडं.

मिरजेची_माई

हल्लीच्या पोरांना जरा काही लागायला नको. आमच्या बाई पाटी फेकून द्यायच्या चुकलं की, आणि वर घरी सांगितलं तर आईचा धपाटा वेगळा. एक चित्रातली खार रडली तर काय बिघडलं? थोडं वाईट वाटल्याशिवाय हातचा लक्षात राहत नाही. आणि तो धाकटा बरोबर आहे, त्याला कळलंय ते खोटं आहे.

हळदपेठ

माई +१, पण पाटी फेकणाऱ्या बाईंचा विषय तुम्हाला पुढं आवडला का हो? खरं सांगा 😄

मिरजेची_माई

नाही. गणित दहावीला सुटलं तेव्हा गणपतीला नारळ फोडला.

बीएड_वाली (कराड)

माईंनीच उत्तर दिलं की! आम्हाला बीएडला रेनहार्ड पेक्रुन या मानसशास्त्रज्ञांचा सिद्धांत अभ्यासाला होता, २००६ ची त्यांची मांडणी आहे, शिकताना येणाऱ्या भावना दोन गोष्टींवर ठरतात म्हणे, एक म्हणजे हे माझ्या हातात आहे का, आणि दुसरं म्हणजे मला याची किंमत वाटते का. किंमत वाटते पण हातात काही नाही, की भीती. हातात आहे पण काडीची किंमत नाही, की कंटाळा. आता तुमच्या भाचीचं बघा, तिला खारीची किंमत वाटायला लागली तुमच्या चित्रामुळं, पण हातचा तिच्या हातात नव्हता आणि खार तो सांगत पण नव्हती, नुसती रडत होती. म्हणजे तुम्ही किंमत वाढवलीत आणि हात बांधलेत. भाच्याला गणिताची किंमत शून्य, खारीचा ताबा मात्र पूर्ण, बटण दाबलं की रडते, तो तर राजाच झाला.

आणि चेहऱ्यानं शिकण्यात फरक पडतो का, तर पडतो, यावर चांगले प्रयोग आहेत. २०१२ ला उम, प्लास आणि मंडळींनी लस शरीरात कसं काम करते याचा एकच धडा दोन प्रकारे केला. एकात करड्या रंगाचे टोकदार आकार, दुसऱ्यात उबदार रंग आणि गोल, चेहऱ्यासारखे आकार. मजकूर तोच. दुसरा धडा बघणाऱ्यांचा मूड पण बरा झाला आणि समजलं पण जास्त. मग २०१४ ला त्यांनी रंग आणि आकार वेगळे करून बघितले तर नुसत्या रंगानं मूड हलला नाही, गोल चेहऱ्यांनी हलला. हे सगळे कॉलेजचे विद्यार्थी होते बरं का, तिसरीची पोरं नव्हेत, त्यामुळं लगेच भिंती नारंगी करायला जाऊ नका.

पोवईनाका

आमच्या सोसायटीच्या बालवाडीनं आधीच केल्यात नारंगी. मूड फक्त पेंटरचा सुधारला.

रंगपेटी (कुपवाड)

दादा, मीपण चित्रवालीच, मुलांच्या पुस्तकांची कामं करते. मला यात वेगळंच दिसतंय.

प्राण्यांच्या वागण्याचा अभ्यास करणाऱ्या कोनराड लॉरेन्झनं १९४३ मध्येच सांगून ठेवलंय की बाळाच्या चेहऱ्याची एक ठेवण असते, डोकं अंगाच्या मानानं मोठं, कपाळ पुढं, डोळे मोठे आणि जरा खाली, गाल भरलेले, हातपाय आखूड. ही ठेवण दिसली की माणसाला त्याला जपावं वाटतं, मग ते बाळ असो, कुत्र्याचं पिल्लू असो नाहीतर तुझी खार. आपण सगळे चित्रवाले याच ठेवणीवर पोट भरतो. पण जरा विचार कर, क्यूट केलीस म्हणजे काय केलंस? तिला भाचीपेक्षा लहान केलंस. आठ वर्षांच्या पोरीसमोर तू एक तान्हं बाळ ठेवलंस, आणि ती चुकली की बाळ रडतं. तिला गणित चुकल्याचं वाईट नाहीच वाटलं, आपण बाळाला रडवलं याचं वाटलं. थोरली आहे ना ती घरात? थोरल्या पोरींना हे ऐकायची सवयच असते, "काय केलंस गं, का रडतोय तो".

आणि धाकट्याला आयुष्यात पहिल्यांदा स्वतःपेक्षा धाकटं कुणीतरी मिळालं छळायला. किती डोक्यांची आहे रे खार?

पेनटॅबवाला

अडीच. (बाकीच्यांसाठी: कॅरेक्टरची उंची आम्ही त्याच्याच डोक्यानं मोजतो, अडीच डोक्यांची म्हणजे उंचीत अडीच डोकी बसतात. मोठा माणूस साधारण सातसाडेसात डोक्यांचा.)

रंगपेटी, तू जे थोरल्या पोरींचं लिहिलंस ना, ते मी ताईला वाचून दाखवलं. ताई काही बोलली नाही, आत जाऊन पोरीच्या वेण्या परत घातल्या तिनं.

माणदेशी_गुरुजी (दहिवडी)

नमस्कार. वाचत होतो, आता राहवेना.

आमची जिल्हा परिषदेची शाळा, एका खोलीत दोन वर्ग, एक टीव्ही आहे लोकवर्गणीतनं आलेला. पुस्तकातल्या क्यूआर कोडवरनं सरकारच्या दीक्षा अ‍ॅपवरचे व्हिडिओ लावतो, बाकी यूट्यूब. घरी पोरं बघतात ती बापाच्या फोनवर, बाप रानातनं आल्यावर, काच तडकलेली आणि नेट असं की चित्र चौकोन चौकोन होतं. तुम्ही दोन दिवस घालवलेला थेंब आमच्याकडं दिसणारच नाही साहेब! भुवई, बुबुळ, ओठाचं थरथरणं, सगळं त्या चौकोनात जातं. आमच्या पोरांना काय दिसतं तर अंग. खार वाकली, वळली, हात वर केला, पळाली, एवढंच. तेव्हा भाव चेहऱ्यात कमी आणि अंगात जास्त घाला, लांबून काळी सावली दिसली तरी कळलं पाहिजे ही काय करतीय.

दुसरं. एका व्हिडिओत पहिलीच्या पोरांना अंक शिकवायला पाच सफरचंदं होती, प्रत्येकाला डोळे आणि हसरं तोंड. मी विचारलं किती, तर एक पोरगं म्हणतं दहा. मला कळेना. पुढं येऊन त्यानं मोजून दाखवलं, डोळे मोजत होतं ते. चूक म्हणायची कशी, दहाच होते. गोड दिसतं म्हणून सगळीकडं डोळे चिकटवू नका, गणितात तर नकोच.

तिसरं, आमची सातवीची पोरं असली गुबगुबीत चित्रं दिसली की "बालवाडी, बालवाडी" म्हणून ओरडतात. त्यांना मिशा फुटायला लागल्यात, त्यांना बाळ नको असतं.

हळदपेठ

डोळे मोजले 😂😂 गुरुजी, त्या पोराला माझ्याकडनं भडंगाचा पुडा.

बाकी अंगात भाव घाला म्हणालात त्यावरनं आठवलं. आपल्या सांगलीत विष्णुदास भाव्यांनी १८४३ ला सीतास्वयंवराचा खेळ केला हे सगळ्यांना पाठ असतं, पण भाव्यांना बाहुल्यांचाही नाद होता, लाकडी बाहुल्या करायचे, त्यातल्या काही पुढं रामदास पाध्यांनी दुरुस्त करून परत नाचवल्या. लाकडाच्या तोंडाला कुठलं आलंय एक्स्प्रेशन? मान जरा कलली की बाहुली लाजली, तीच मान झटक्यात वळली की रागावली, बाकीचं बघणारा आपल्या मनातनं भरतो. पाध्यांच्या बोलक्या बाहुल्याचं, अर्धवटरावाचं पण तेच की, लाकडी तोंडावर अख्खा महाराष्ट्र हसवला.

रंगपेटी

आणि त्याच पाध्यांच्या हातचा तात्या विंचू! १९९३ ला ज्यांनी थेटरात बघितला ते अजून अंधारात बाथरूमला जात नाहीत, आमचे हे धरून. बाहुलीचा चेहरा माणसाच्या जवळ जवळ जायला लागला की एका टप्प्यावर ती गोड वाटायची बंद होते आणि अंगावर काटा येतो, मासाहिरो मोरी नावाच्या जपानी प्राध्यापकानं १९७० मध्येच ही दरी दाखवून ठेवलीय. सिनेमात भीती हवीच होती म्हणून तिथं ते सोनं झालं. आजकाल ते एआयनं बनवलेले "सर" आणि "मॅडम" फिरतात ना व्हिडिओत, ओठ हलतात पण गाल हलत नाहीत, पापणी मिटते ती मोजून मापून, माझी पोरगी म्हणते "आई ही बाई मेलेली आहे". चॅनल बदलते सरळ. त्यापेक्षा खार परवडली.

मिरजेची_माई

आमच्या पोरांच्या वेळी टीव्हीवर मीना लागायची बघा, युनिसेफची, तिचा तो मिठू पोपट. ती काही फार गोडगोंडस नव्हती, साधी आपल्या गावातली पोरगी. पण माझी लेक तिच्यासारखी वेणी घालून मागायची. ती चुकायची पण, आणि चुकली की कुणी रडत बसायचं नाही, पोपट काहीतरी आगाऊपणा करायचा आणि गाडी पुढं जायची.

बीएड_वाली

वा माई! राम मोहन यांचं काम ते, नव्वदच्या दशकातलं. भारत, पाकिस्तान, बांगलादेश, नेपाळ, चारी देशातल्या पोरींना ती आपली वाटली पाहिजे असा हिशेब होता, म्हणून चेहरा, कपडे, घर सगळं त्या मापानं बेतलेलं. आता अ‍ॅपमध्ये बघा, निळ्या डोळ्यांची पोरं, बर्फातलं घर, आणि आवाज मराठी. मराठी पण अशी की आमची पोरं नकला करतात, "अगं बाई, किती छान प्रयत्न केलास तू!" असं कोण बोलतं कराडात?

पोवईनाका

ते सगळं ठीक, पण मूड चांगला म्हणजे शिकणं चांगलं हे मला पटत नाही. माझा पोरगा त्या कार्टूनवाल्या अ‍ॅपवर तासभर आनंदात असतो आणि नंतर विचारलं काय शिकलास तर म्हणतो, अस्वलानं टोपी घातली होती.

बीएड_वाली

शंका रास्त आहे. १९९७ ला अमेरिकेत लेस्टर आणि सहकाऱ्यांनी हर्मन नावाचा एक बडबड्या किडा केला होता, तो पोरांना झाडाला कुठल्या हवेत कसली मुळं, कसली पानं लागतात ते शिकवायचा. १०० शाळकरी पोरांवर बघितलं तर किडा नुसता पडद्यावर असला तरी पोरांना धडा बरा वाटायचा. पण बरं वाटणं वेगळं आणि समजणं वेगळं. रिचर्ड मायर हा माणूस आयुष्यभर हेच मोजत आलाय, त्याचं म्हणणं असं की कोपऱ्यात नुसतं चित्र उभं केल्यानं शिकणं वाढतंच असं नाही, त्यानं बोट दाखवावं, जिकडं बघायचंय तिकडं बघावं, तर उपयोग. आणि गमतीच्या फालतू गोष्टी भरल्या की पोरं तीच लक्षात ठेवतात, तुमच्या अस्वलाची टोपी.

मायरचाच २०१४ चा एक प्रयोग आहे एस्ट्रेलाबरोबर, विषाणू पेशीत घुसून सर्दी कशी करतो त्याचा धडा. त्यांनी कोपऱ्यात कुणी शिक्षक उभा नाही केला, पेशीलाच डोळे दिले, विषाणू आल्यावर ती घाबरते, मग आजारी दिसते. म्हणजे चेहरा बघितला की धडाच बघितला जातो. आणि त्या धड्यात समज वाढली. मला वाटतं पेनटॅबवाल्यांच्या खारीत हीच फट आहे. ४२ मधल्या दशकाचं काय होतं ते खारीच्या तोंडावर कुठंच नाही.

माणदेशी_गुरुजी

हातच्याला आम्ही काड्यांच्या जुड्या वापरतो. चार जुड्या, दोन सुट्या. सात द्यायच्यात, दोनच आहेत, मग एक जुडी सोडायची, रबर काढायचा, दहा सुट्या. रबर काढताना जो टणकन आवाज येतो ना, पोरं त्यासाठी भांडतात "मी सोडणार, मी सोडणार" म्हणून. तुमच्या खारीला ते करू द्या. शेंगांच्या जुड्या करा हवं तर.

(जुडीला डोळे नकोत, हात जोडून सांगतो.)

पोवईनाका

आणि रडायचं असेलच तर जुडी सुटली नाही म्हणून रडूदे, पोरीकडं बघून नको.

पेनटॅबवाला

थांबा, एक वाईट बातमी आहे. मी क्लायंटला परवाच फोन लावला, म्हटलं ते रडणं काढूया, फुकटात करून देतो. तर ते म्हणाले अजिबात हात लावू नका, त्या सीनवर सगळ्यात जास्त वेळ जातो पोरांचा, आलेख दाखवला मला, चुकीच्या उत्तरावर लोक थांबून राहतात, परत परत करतात, "हाय एंगेजमेंट" आहे म्हणे.

अहो तो माझा भाचा आहे! असले हजार भाचे बसलेत "परत रडली" करत, आणि तिकडं ऑफिसात कुणीतरी त्यांना अभ्यासू समजतंय. आणि टॅब पालथा घालणाऱ्या पोरी त्या आलेखात कुठंच नाहीत, त्या तर निघूनच गेल्या.

रंगपेटी

हे वाचून हसावं का काय तेच कळेना.

मिरजेची_माई

त्यांना सांग की तुमच्या घरातली पोरगी बसवा पुढ्यात. आणि तू तुझ्या भाचीपुरती तरी वेगळी खार कर बाळा.

पेनटॅबवाला

आठ दिवसांनी येतोय, माईंनी सांगितलं तेच केलं. रात्री जागून घरच्यापुरती नवी खार केली. आता साडेतीन डोक्यांची, पाय लांब केले, गाल उतरवले, पाठीला दप्तर, त्याचा एक बंद तुटलेला (तो भाचीचाच आहे). आवाज ताईचा, तासगावच्या बोलीत. उत्तर चुकलं की ती आपल्याकडं बघतच नाही, पाठमोरी होते, शेपटीनं डोकं खाजवते आणि शेंगांच्या जुडीभोवती एक चक्कर मारते. मग जुडीचा दोरा दातानं ओढून बघते. फोन छोटा करून, लांब धरून बघितलं गुरुजी, अंगावरनं कळतंय सगळं. दोऱ्याचा टण्ण आवाज मी आमच्या कुकरच्या जुन्या रिंगवर रेकॉर्ड केला.

क्लायंटला पाठवलंय. उत्तर एका ओळीचं, "छान आहे, ऑप्शन म्हणून ठेवू". म्हणजे काय ते आपल्याला माहितीच आहे.

धाकट्यानं दहाएक वेळा चुकीचं दाबलं, खार रडेना, म्हणाला मामा तुझी खार बिघडली, आणि क्रिकेट खेळायला गेला. भाचीला काही न सांगता टॅब दिला. ४२ वजा १७. दाबलं ३५, परत तेच. खार पाठमोरी, शेपटीनं डोकं खाजवतीय. पोरगी बराच वेळ बघत बसली, मग मला हळूच म्हणाली, "हिला पण येत नाही का?"

मी म्हटलं नाही गं, तीपण तिसरीतच आहे.

तर म्हणाली, "मग सरक जरा," आणि मला बाजूला करून टॅब मांडीवर घेतला.

हळदपेठ

२५ आलं का शेवटी??

पेनटॅबवाला

आधी २६ आलं. मग २५.